चौथा घोडा

आमच्या घरात बुद्धिबळाचे डाव बनत, आणि बनलेला डाव घरात एकदा खेळल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हाती जात नसे. हा नियम आबांचा. आबा म्हणजे माझे वडील. ते म्हणत, सोंगटी हातात घेतली की सगळ्यांनाच गोजिरवाणी दिसते, पटावर सरकवली की तिची खोड कळते. बुडात ओतलेलं शिसं एका अंगाला गेलं असेल तर प्यादं डुलतं, उंटाची मान फार बारीक झाली असेल तर तो बोटांतून निसटतो. इथवर शहाणपण होतं. त्याच्यापुढे आईने आपल्याकडची भर घातली होती. पटावर मांडलेला डाव अपुरा टाकून घरातल्या माणसाने गाव सोडायचं नाही, असं ती सांगे. अपुरा डाव माणसाला मागे ओढतो म्हणे. आई लवकर गेली, पण तिचं हे म्हणणं घरात राहिलं. माझा त्यावर इतका विश्वास बसला की त्यापायी मी माझ्या भावाशी खोटं बोलले. तेच लिहायला बसले आहे, आणि हे लिहिताना मला कसलंही समाधान होत नाही, हे आधीच सांगून टाकते.

आम्ही कार्ल्याचे कातारी, लाकूड कातणारे. गावात बाकी सगळी शेतकऱ्यांची घरं, भाताची खाचरं त्यांची. आमच्या वाट्याला भुसा. आबा पूर्वी लाटणी, भोवरे, पाळण्यावर टांगायच्या चिमण्या असलं काहीबाही करून डोंगरावरच्या देवीच्या जत्रेत मांडत. पुढे लोणावळ्याला हवापालटासाठी येणाऱ्या मुंबईच्या एका शेटजींनी एक मोडका विलायती डाव त्यांच्यापुढे टाकला आणि असा करशील का म्हणून विचारलं. विलायती डावात आपल्या हत्तीच्या जागी बुरूज असतो. विलायतेतला किल्ला आबांनी कुठून पाहिलेला असणार? त्यांनी दारातून दिसणाऱ्या लोहगडाचा बुरूज उतरवला, खाली फुगीर आणि वर निमुळता. शेटजींना तो मोडक्या डावातल्या बुरुजापेक्षा जास्त आवडला. त्यांना डाव जमवायचा नाद होता, घरी काचेचं कपाट भरलं होतं म्हणत. मग त्यांचे मित्र आले, मित्रांचे मित्र आले, आणि आमची लाटणी सुटली.

काळ्या सोंगट्या शिसवाच्या, पांढऱ्या कुड्याच्या. लाकूड चरकावर चढवायचं. चरक म्हणजे दोन खुंट, त्यांच्यामध्ये अडकवलेला लाकडाचा तुकडा आणि त्याला वेढा दिलेली चामड्याची वादी. एकाने वादीची दोन्ही टोकं आळीपाळीने ओढायची, म्हणजे तुकडा गरगर फिरतो, आणि दुसऱ्याने त्याला पटाशी टेकवायची. वादी ओढणारी मी. दोन वर्षं सासरी नांदून मी परत आले होते. कारण विचाराल तर मूल नव्हतं आणि तोंड होतं. आबांनी एका शब्दाने विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वादी हातात दिली, तीच त्यांची विचारपूस.

चरकावर सगळं बनतं, घोडा सोडून. घोड्याचं बूड तेवढं चरकावर निघतं, मान आणि तोंड हातानेच कोरावं लागतं. आबांचा हात राजा-वजिराला सोन्याचा होता, पण घोडा म्हटला की गोऱ्हा निघायचा. गावातली माणसं डाव बघायला आली की हळूच विचारत, याला वेसण कधी घालणार? घोडा करावा तर माझ्या दादाने. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. त्याच्या घोड्याची नाकपुडी अशी फुललेली असे की श्वास आत्ताच बाहेर पडला असं वाटावं. आबांनी त्याला कधी शाबासकी दिली नाही, पण गिऱ्हाईक आलं की ते डावातला घोडाच आधी त्याच्या हातात ठेवत.

हाच दादा एके दिवशी म्हणाला, "आबा, घोड्याच्या नाकपुड्या कोरण्यात जलम काढायचा व्हय? म्या लोनावळ्याला रेल्वेच्या शेडमदी लागतोय, फिटरच्या हाताखाली."

आबा म्हणाले, "जा. लोखंड घास जा."

एवढंच भांडण. आमच्या घरात आदळआपट कधी झाली नाही. झाली असती तर बरं झालं असतं असं मला पुष्कळदा वाटतं. आदळआपट झाली की माणसं दमतात आणि जेवायला बसतात. इथे कुणी दमलंच नाही. आबांनी दादाशी बोलणं टाकलं ते टाकलंच, आणि दादाही त्यांचाच मुलगा. सहा वर्षं दोघं एका छपराखाली राहिले, एका चुलीवरची भाकरी खाल्ली आणि जे काय सांगायचं ते माझ्या मार्फत सांगितलं. "त्याला म्हनाव दिव्यात तेल घाल." "आबास्नी सांग, म्या उंद्या लवकर जानार." दोघं समोरासमोर बसलेले असताना मी मधे उभी राहून हे निरोप पोचवायची.

फक्त डाव तयार झाला की आबा ओटीवर पट मांडत आणि एका बाजूला बसून राहत. दादाला बोलवत नसत. दादा शेडमधून येई, हातपाय धुई आणि समोर येऊन बसे. एकदा तर शेडमधल्या कुणीतरी त्याला सांगितलं की तुझ्या बापाने आज पट मांडलाय, तर हा गाडीची वाट न पाहता लोणावळ्याहून चालत आला होता. खेळताना दोघांच्या तोंडून एकच शब्द निघे, "शह." सहा वर्षांत त्यांनी एकमेकांशी उच्चारलेला तेवढा शब्द. आबांना प्याद्याने मात करायची हौस होती. हत्तीने सरळ मात होत असली तरी ते ती सोडून प्यादं पुढे आणत बसत. दादाला हे ठाऊक होतं, आणि तोही राजा इकडून तिकडे नेत राही. उगाच तास-तास जाई. मी आतून ओरडायची की भाकऱ्या वाळल्या. आता कळतं, दोघांनाही उठायचं नव्हतं.

मग लढाई सुरू झाली. मावळातली पुष्कळ पोरं पलटणीत गेली, शेडमधलीही गेली. दादाने मोटारी दुरुस्त करणाऱ्या तुकडीत नाव घातलं. घरी मला सांगितलं, मी आबांना सांगितलं. आबा पटाशीला धार लावत होते, ते लावतच राहिले.

वर्षभराने तो आठ दिवसांची रजा घेऊन आला. रजा संपली की त्यांना बोटीने समुद्रापार पाठवणार होते. कुठे ते त्यालाही माहीत नव्हतं. दिवस भातकापणीचे होते. त्याच सुमारास शेटजींचा एक मोठा डाव हातात होता, आणि दादा आला त्या दिवशी तो जवळजवळ झालाच होता. तीन घोडे झाले होते, एक राहिला होता.

दादाने आल्या आल्या सोंगट्या पाहिल्या आणि खूश होऊन मला म्हणाला, "म्हंजी या येळी बसायला मिळतंय. आबास्नी सांग, आठ दिस हाय म्या."

मी सांगितलं. आबा म्हणाले, "त्याला सांग, एक घोडा ऱ्हायलाय."

दुसऱ्या दिवशीही एक घोडा राहिला होता. तिसऱ्या दिवशीही. आबा सकाळी चरकाशी बसत, काहीतरी घासत, पुसत, आणि संध्याकाळी घोडा तसाच राहिलेला असे. दादा अंगणात बसून विड्या ओढी आणि ओटीकडे बघे. एकदा त्याने मला विचारलं, "म्या कोरू का?" मी आत जाऊन विचारलं. आबांनी मान हलवली, नको.

चौथ्या दिवशी मी भाताच्या तुसाच्या टोपलीत हात घातला. कातलेले तुकडे एकदम वाळून तडकू नयेत म्हणून आम्ही ते तुसात पुरून ठेवत असू. कुडा कितपत वाळलाय ते बघायला गेले, तर हाताला मेणाच्या फडक्याची पुरचुंडी लागली. सोडून पाहिली. चौथा घोडा. पुरता झालेला. बुडात शिसं ओतलेलं, खाली हिरव्या बनातीचं कापड चिकटवलेलं, खरवतीच्या खरखरीत पानाने घासघासून गुळगुळीत केलेला आणि वर मेण दिलेलं. आणि त्याला नाकपुडी होती. आबांनी जन्मात पहिल्यांदा गोऱ्हा न करता घोडा केला होता, दादाच्या घोड्यासारखा. तो आबांच्या हातचा सगळ्यात चांगला घोडा.

मला समजायला वेळ लागला नाही. पट मांडला, डाव खेळला, की दादा मोकळा. डावच झाला नाही तर हा जाणार कसा? सात वर्षं न बोललेल्या माणसाला 'जाऊ नको' म्हणायची दुसरी रीत आबांना ठाऊक नव्हती. सरकारच्या पलटणीला आमच्या आईचा नियम लागू नाही, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण माणूस बुडायला लागला की पाण्यावरची काडीही धरतो. त्यांनी घोडा धरला होता.

मी पुरचुंडी पुन्हा बांधली, तुसात ठेवली आणि वरून तूस सारखं केलं. मागे वळले तर आबा दारात उभे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी चुलीकडे पाहिलं. मलाही दादा जायला नको होता. तो गेल्यावर त्या मुक्या माणसाबरोबर मी एकटी राहणार होते, आणि मला त्याची भीती वाटत होती. ही माझी स्वतःची बाजू, ती लपवून काय करू?

आठव्या दिवशी दुपारच्या गाडीने निघायचं होतं. सकाळी दादा नदीवरून अंघोळ करून आला तेव्हा ओटीवर पट मांडलेला होता. एकतीस सोंगट्या. काळ्याच्या उजव्या घोड्याचं घर रिकामं. आबा पांढऱ्याच्या बाजूला मांडी घालून बसले होते. दादा समोर उभा राहिला. त्याने रिकामं घर पाहिलं, आबांकडे पाहिलं, आणि मग आत येऊन मडक्यातला एक चिंचोका घेऊन गेला. खाली बसून त्याने तो घोड्याच्या घरात ठेवला.

"चालतंय," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता, सरळ आबांना.

मी दाराची चौकट धरून उभी होते. आता आबांनी एक प्यादं पुढे सरकवायचं, एवढंच बाकी होतं. त्यांचा हात उठलासुद्धा. पण खेळले असते तर डाव पुरा झाला असता आणि मुलगा सुटला असता. हात पुन्हा मांडीवर गेला.

"चिंचोक्यानं डाव व्हत न्हाई," आबा म्हणाले.

सात वर्षांनी मुलाशी बोलले ते हे. दादा उठला, ट्रंक खांद्यावर घेतली, वाकून आबांच्या पायांना हात लावला आणि पायऱ्या उतरला. आबा पटाकडे बघत होते. मी दादाच्या मागे निघाले.

मळवलीच्या स्टेशनापर्यंत आम्ही चालत गेलो. इंद्रायणी ओलांडली, कापलेल्या खाचरांच्या बांधांवरून गेलो. शेतात माणसं भात झोडत होती, ती दादाला हाका मारून विचारत होती, निघाला का? तो हात वर करी. फलाटावर ट्रंक ठेवून त्यावर बसला तेव्हा म्हणाला, "बाय, खरं सांग. घोडा खरंच ऱ्हायलाय का?"

मला खरं सांगता आलं असतं. घोडा झालाय, तुसात आहे, तू जाऊ नयेस म्हणून लपवलाय. तीन वाक्यं होती. पण माझ्या डोक्यात आई बसली होती. मला वाटलं, हा डाव अपुरा आहे तोवर हा परत येईल. घोडा राहिलाय म्हटलं की याच्या मागे एक काम राहील, ते याला ओढून आणेल. आता झालाय म्हणून सांगितलं तर अपुरं काय उरलं? घरात शिकलेली एवढी एकच विद्या मी तिथे वापरली.

"व्हय," मी म्हटलं. "ऱ्हायलाय. तू आल्यावर खेळा."

त्याने मान खाली घातली. "आठ दिसात एक घोडं झालं न्हाई. म्या दोन केलं असतं." मग म्हणाला, "त्यास्नी माज्यासंगं बसायचंच नव्हतं. चिंचोका ठिवला तरी न्हाई."

गाडीला अर्धा तास उशीर झाला. खरं सांगायला तो सगळा अर्धा तास माझ्या हाती होता. मी त्याला वाटेत खायला दिलेल्या भाकरीबद्दल बोलले, लोणच्याबद्दल बोलले, ट्रंकेच्या कडीबद्दल बोलले. गाडी आली, तो चढला. खिडकीतून म्हणाला, "त्यास्नी जप," आणि गेला.

त्याची पत्रं येत. त्यात पुष्कळसं काळ्या शाईने खोडलेलं असे. उरलेलं असे ते इतकंच की मी बरा आहे, थंडी आहे, मोटारी फार बिघडतात. आबांचा उल्लेख नसे. मी चौथीपर्यंत शिकलेली, पत्र मीच वाचून दाखवायची. पहिलं पत्र वाचून झालं तरी आबा वाट बघत बसले. मग मी कागदाकडे बघत म्हटलं, "आबास्नी नमस्कार." तेव्हापासून दर पत्राच्या शेवटी मी तो घालत गेले. आबा तेवढं ऐकून चरकाशी जाऊन बसत.

शेटजींचा गडी डाव न्यायला दोनदा येऊन परत गेला. आबा त्याला सांगत, अजून खेळायचा आहे. पुढच्या वर्षी पलटणीकडून तार आली. तार इंग्रजीत होती, पण ती आणणाऱ्याचं तोंड वाचायला मला कुणाची मदत लागली नाही. गडी तिसऱ्यांदा आला तेव्हा आबांनी तुसातून पुरचुंडी काढली, सोडून घोडा इतरांबरोबर पेटीत ठेवला आणि पेटी त्याच्या हातात दिली. आमच्या घरातून न खेळता गेलेला तो एकच डाव. त्यानंतर आबांनी चरक लावला, पण लाटण्यांसाठी.

त्यांची छाती शिसवाच्या भुशाने आधीच गेली होती. दोन वर्षांनी ते अंथरुणाला लागले. अंथरूण ओटीवरच घातलं होतं, त्यांना आत कोंडल्यासारखं व्हायचं. एका दुपारी मी त्यांची पाठ शेकत होते, तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "त्याला ठावं व्हतं का गं? घोडा झालता म्हून?"

त्यांनी तो विषय कधीच काढला नव्हता. मला वाटलं, मरताना या माणसाला एवढं तरी मिळू दे. मुलगा मनात अढी घेऊन गेला नाही, बापाला आपली ओढ होती हे जाणून गेला, एवढं कळलं तर हा सुखाने डोळे मिटेल.

"व्हय आबा," मी म्हटलं. "म्याच सांगितलं व्हतं, ठेसनावर."

"म्हंजी म्या त्याला थांबवत व्हतो, ते कळलं व्हतं त्याला."

"व्हय."

त्यांना झोप लागली असं वाटून मी शेकायचं फडकं बाजूला ठेवलं.

"आन तरी गेला," आबा म्हणाले.

त्यानंतर ते अकरा दिवस होते. दादाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही, आणि मी पत्रं घेऊन बसले तर हाताने नको म्हणत. रोज सकाळी मी ठरवायची, आज खरं सांगायचं. मग त्यांना बसतं करून पेज भरवायची, तोंड पुसायची आणि उठायची.